तीन पोरं, तीन फेज

आमच्या मालकांना फ्रीजची दया यायची. दुपारची जेवणं आटोपली की ते स्वयंपाकघरात जायचे आणि फ्रीजचं बटण बंद करायचे. म्हणायचे, "जल्ला, सकालपासून गुरगुरतंय. त्याना पन जरा झोपू दे." संध्याकाळी चहाच्या वेळेला ते त्याला उठवायचे. मधल्या वेळेत दही आंबायचं, कोलंबीला वास सुटायचा, आणि आजी, म्हणजे मालकांची बायको, फ्रीज आणि मालक या दोघांचाही एका दमात उद्धार करायची.

मालक म्हणजे आमचे घरमालक. भाईंदरजवळच्या राई गावात त्यांचा बंगला होता. त्यामागे एक खोली होती, पूर्वी तिच्यात मिठागराची अवजारं ठेवत. तिथे आई, वडील आणि मी भाड्यानं राहायचो. वडील रत्नागिरीहून आलेले, भाईंदर पूर्वेला स्टीलच्या डब्यांना पॉलिश करण्याच्या गाळ्यात कामाला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे घरात माझ्याशी सगळे जरा जपूनच बोलायचे. मालक तेवढे जपून बोलत नसत. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला त्या दिवसापासून ते मला इंजिनेर म्हणायचे. पास होईन की नाही याची मलाच खात्री नव्हती, पण त्यांना निकालापर्यंत थांबायचं नव्हतं.

मिठागर आणि भाताची जमीन बिल्डरकडे गेल्यावर त्यांनी हा बंगला बांधला. तळमजल्यावर मालक, आजी आणि थोरला मुलगा. पहिल्यावर मधला. दुसऱ्यावर धाकटा. वीज थ्री फेज घेतलेली, मीटर एक, आणि प्रत्येक मजल्याला एक फेज. या वाटणीचा मालकांना अतोनात अभिमान होता. कोणीही पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला मीटरच्या पेटीकडे नेऊन सांगायचे, "तीन पोरं, तीन फेज. सरकारनी माज्याच घरासाठी काडलंय."

पेटी ओटीवर होती आणि तिच्याखाली मालकांची प्लास्टिकची खुर्ची. बनियन आणि अर्धी चड्डी, गळ्यात टॉवेल, अशा वेषात ते दिवसभर तिथे बसायचे. तरुणपणी ते खाडीचं पाणी मिठागरात किती शिरतंय ते बघत बसायचे म्हणे. आता वीज किती शिरतेय ते बघायचे. जुन्या मीटरात चकती फिरायची, तिच्या कडेला एक काळा ठिपका. तो भराभर दिसायला लागला की मालक मान वर करून ओरडायचे, "धाकटे! गिझर बंद कर गो!"

खरं सांगायचं तर त्यांचा अंदाज बऱ्याचदा चुकायचा. गिझर म्हणून ओरडायचे तेव्हा मधलीची इस्त्री चालू असायची. पण आरोळी ऐकू आली की तिन्ही मजल्यांवरच्या तिन्ही सुना हाताशी जे चालू असेल ते बंद करायच्या. चकती मंदावायची. मालक टॉवेलनं मान पुसून समाधानानं म्हणायचे, "वलखला."

मग एक दिवस वीजवाले आले, चकतीचा मीटर काढला आणि इलेक्ट्रॉनिक मीटर बसवून गेले. त्यात फिरणारं काही नव्हतं. फक्त एक लाल दिवा लुकलुकायचा. मालक त्याच्यासमोर खुर्ची सरकवून कितीतरी वेळ बसले. मग मला हाक मारली.

"इंजिनेर, हा कोनाला डोला मारतंय?"

"मालक, वीज वापरली की तो लुकलुकतो. जास्त वापरली की लवकर लवकर."

"मना काय कलायचा? मघापासून माज्याकरं बगून डोला मारतंय. लाज हाय का न्हाय?"

त्यांनी दोनतीन आरोळ्या मारून बघितल्या. पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता आणि सुनांनी ते लगेच ओळखलं. आता बिल आलं की ओटीवर गोंधळ सुरू व्हायचा. थोरली म्हणायची, वर एसी आहे. धाकटी म्हणायची, खाली दिवसभर टीव्ही असतो, आम्ही दोघं कामावर जातो. मधली काही म्हणायची नाही, पण ती भांडी अशी आपटायची की तेच पुरे व्हायचं. शेवटी एका रविवारी मधला मुलगा म्हणाला, "बाबा, कशाला रोजची झंझट? तीन मीटर घेऊ. ज्याचं त्याने बघावं."

मालकांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

समोर त्यांच्या चुलतभावाचं घर होतं. तिथे तीन भावांनी तीन मीटर घेतले होते. पुढच्या वर्षी अंगणात भिंत आली. त्याच्या पुढच्या वर्षी एका गणपतीचे तीन गणपती झाले, आणि तिन्ही घरांत एकाच वेळी आरती सुरू झाली की कोणाचीच धड ऐकू येत नसे. मालक ते बघत आले होते. "पयला मीटर," ते म्हणाले, "मंग भिंत. मंग गनपती. माज्या घरान गनपती एकच बसल. मी हाय तवर मीटर पन एकच."

"मग कोण किती खातं ते कळणार कसं?" मधल्यानं विचारलं.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी आईनं पाठवलेली कढीपत्त्याची जुडी द्यायला आले होते. "ही हाय ना," ते म्हणाले. "इंजिनेर. ती करल मशीन."

मला त्या वर्षी प्रोजेक्ट करायचा होता आणि विषय सुचत नव्हता. तरीही मी "बघते" एवढंच म्हणाले. मी तेव्हा सगळ्यालाच "बघते" म्हणायचे. सरांना विषय सांगितला तर ते म्हणाले, "दरवाज्याची बेल वगैरे कर ना. हे जमेल का तुला?" मी त्यांनाही बघते म्हणाले.

मशीन तसं साधं होतं. वायर जिच्या भोकातून जाते अशी एक लहानशी रिंग असते. वायरमधून जितका करंट जाईल त्या प्रमाणात रिंगच्या गुंडाळीत थोडासा करंट तयार होतो. तो मोजायचा, आकड्यात बदलायचा आणि दाखवायचा. तीन फेजला तीन रिंगा, एक मायक्रोकंट्रोलर, आणि लाल आकड्यांच्या तीन ओळी. लॅमिंग्टन रोडवरून सामान आणलं. दोन चिप जाळल्या. सोल्डरिंगचा धूर आमच्या खोलीत इतका व्हायचा की आई देवाजवळची उदबत्ती लावेनाशी झाली, म्हणाली, देवाला आता सवय झालीय.

मशीनच्या पेटीसाठी वडिलांनी गाळ्यातून पोळ्यांचा एक मोठा डबा आणला. त्याला पुढून तीन खिडक्या कापल्या, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि वर असं पॉलिश केलं की आकडे बघायला गेलं की आधी आपलं तोंड दिसायचं. वडिलांना मशीन काय करतं ते कळलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "हात कापायचा नाही कोणाचा, बघून घे." डबा धातूचा म्हणून मी त्याला अर्थिंग दिलं. मालकांनी वायरमनला बोलावून मेन बंद केली आणि माझ्यासमोर तीन वायरींना तीन रिंगा घातल्या. आजी हळदकुंकू घेऊन आली. "बांगर्‍या भरल्यान आज तिघींनी," ती म्हणाली, आणि डब्याला कुंकू लावलं. एक बोट आकड्यांच्या खिडकीवरही लागलं. ते पुढे कधीच पूर्ण निघालं नाही.

डबा ओटीवर टांगला गेला. वरची ओळ दुसऱ्या मजल्याची, मधली पहिल्याची, खालची तळमजल्याची. मालक पुन्हा राजे झाले. आता त्यांच्या आरोळीला पुरावा होता.

पण झालं काय की, आकडे सगळ्यांनाच दिसत होते. आठवडाभरात धाकटी सून कपड्यांचा ढीग घेऊन खाली आली. "वहिनी, वर उकडतंय, इथेच इस्त्री करू?" थोरलीला काय नाही म्हणता येणार? दुसऱ्या दिवशी थोरली मिक्सर घेऊन पहिल्या मजल्यावर गेली. "तुझ्याकडचा ओटा मोठा आहे गं, खोबरं वाटून घेते." मधलीची मुलं अभ्यासाला दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसू लागली, एसी लावून. धाकटा आंघोळीला खाली यायला लागला. टॉवेल खांद्यावर, साबण हातात, जिन्यावरून शीळ घालत.

मालक हरखून गेले. "बग इंजिनेर," ते मला म्हणाले, "कवरी मानसं एकमेकांकरं जातान! तुजा डबा लय गुनाचा." आकडे मला रोज दिसत होते आणि कोण कोणाच्या मजल्यावर काय चालवतंय तेही दिसत होतं. मला वाटलं, सांगावं का? पण इतक्या आनंदात असलेल्या माणसाला काय सांगायचं तेच कळेना.

सांगायची वेळच आली नाही. थोरली एकदा भरलेली ताटं घेऊन वर गेली तर मधलीच्या घरात कोणी नव्हतं आणि दुसऱ्या मजल्यावर मधलीची दोन्ही मुलं एसीत पांघरूण घेऊन झोपलेली. ते धाकटीच्या कानावर गेलं आणि तिथून जे सुरू झालं ते सगळ्या राईला ऐकू गेलं असावं. कोणी कोणाकडे किती वेळा इस्त्री केली इथपासून निघालेलं भांडण कोणाच्या लग्नात कोणाला मानाची साडी कशी हलकी दिली तिथे जाऊन थांबलं. मधल्यानं त्याच संध्याकाळी वेगळ्या मीटरचा अर्ज आणून टीव्हीवर ठेवला. रविवारी सगळ्यांनी बसून ठरवायचं असं झालं.

दुसऱ्या दिवशी मालक आमच्या खोलीच्या दारात आले. ते कधी आत येत नसत, भाडेकरूच्या घरात मालकानं शिरू नये असं त्यांचं मत होतं. दारातच उभे राहून म्हणाले, "इंजिनेर, त्या डब्याला जरा समज दे."

"म्हणजे?"

"त्याना सांग, तिगांना सारका दाखव."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "मालक, ते खोटं होईल."

"कसा खोटा? मी कोनाचा कमी दाखव म्हनतंय का जास्त? सगल्यांना सारका. त्यान खोटा काय?"

आई चुलीवरची भाकरी उलटायची थांबली होती. मालक खाली बघत म्हणाले, "रयवारी तो कागूद भरतील. समोरच्या घरान काय झाला तू बगलंस. तीन गनपती. मना एक पन धर दिसत न्हाय त्यातला."

मी रात्रभर वगैरे विचार केला नाही, कारण मला उत्तर आधीच कळलं होतं आणि ते मला आवडलं नव्हतं. मी एक मार्ग काढला. तिन्ही मजल्यांची बेरीज करायची, तिला तिनानं भागायचं, तोच आकडा तिन्ही ओळींत दाखवायचा. बेरीज खरी राहील, एवढं मी स्वतःला समजावलं. डब्याच्या मागे एक छोटा स्विच बसवला. एका बाजूला खरं, दुसऱ्या बाजूला सारखं. मालकांना दाखवला तर त्यांनी त्याला बोटानं हळूच हात लावला, लहान मुलाच्या गालाला लावतात तसा.

रविवार आला. मधल्यानं अर्ज आणि पेन दोन्ही ओटीवर आणलं. मालकांनी सगळ्यांना डब्याखाली उभं केलं. "बगा," ते म्हणाले. "चार दिवस बगतंय मी. तिगांचा सारका! कशाला पायजे येगला मीटर?"

सगळे आकड्यांकडे बघू लागले. तिन्ही ओळींत एकच आकडा. बदलायचा तर तिन्हीकडे एकदम बदलायचा. धाकटीनं माझ्याकडे बघितलं. मी कुंकवाच्या डागाकडे बघत होते. थोरला म्हणाला, "असेल बाबा. मग राहू दे ना रे हा कागद." मधल्याचंही पेन जरा खाली आलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर, मला खरंच वाटतं, जमलं असतं.

तेवढ्यात मधली सून जिन्यावरून खाली आली. इतका वेळ ती स्वयंपाकाचं निमित्त करून मुद्दामच खाली आली नव्हती. "आमची लाईट गेली," ती म्हणाली. "तुमची आहे का?"

तळमजल्यावरचा पंखा फिरत होता. वर धाकट्याचा टीव्ही ऐकू येत होता. फक्त मधली फेज गेली होती. आमच्याकडे हे नेहमीचंच होतं. कोपऱ्यावरच्या डीपीत एखादा फ्यूज उडायचा आणि कोणाचा तरी एकच मजला अंधारात जायचा.

आणि डब्यावर मधल्या मजल्याचा आकडा वरच्या आणि खालच्या मजल्याइतकाच होता. लाल, ठळक, चकचकीत.

मग मधला अगदी सावकाश म्हणाला, "बाबा, आमची लाईट गेलीय आणि आम्ही तरी खातोय?"

दुसरा कोणी असता तर त्यानं खाली बघितलं असतं. मालकांनी टॉवेल झटकला. "घर एक हाय. त्यांनी खाल्ला तं तुमी पन खाल्ला."

"मग पोट आमचंच कसं रिकामं, बाबा?" मधली म्हणाली.

पहिल्यांदा धाकटी हसली. मग थोरली. मग आजी इतकी हसली की तिला ठसका लागला. पण मधला हसला नाही. त्यानं अर्ज मांडीवर घेतला आणि भरला. ठसका थांबल्यावर आजी एवढंच म्हणाली, "आवो, पोरीना कशाला लावलात या कामाला?"

मालक माझ्यावर रागावले नाहीत. डब्यावर रागावले. फितूर म्हणाले त्याला. त्याचं तोंड भिंतीकडे करून टांगला आणि किती दिवस तो तसाच उभा होता, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तो मागायला गेले तेव्हा म्हणाले, "ने. पन त्याना सांग, मास्तरासमोर तरी खरा बोल म्हनावं."

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी डबा उलटसुलट केला. कुंकू बघितलं. मग मागचा स्विच दिसला. "हा कशाला?"

"सर, तो... आमच्या मालकांसाठी आहे."

"करतो काय?"

"तिन्ही मजल्यांना सारखं दाखवतो, सर."

"आणि अचूकपणाचं काय?"

"बेरीज बरोबर असते, सर," मी म्हणाले. पास झाले मी. किती मार्क पडले ते मालकांनी विचारलं नाही. पेढे मात्र त्यांनीच वाटले, आणि वाटताना सगळ्यांना सांगितलं, "माज्या मीटरवर शिकली."

तो मीटर मात्र राहिला नाही. गणपतीच्या आधी वायरमन आला आणि ओटीवर एका ओळीत तीन मीटर बसवून गेला. मालक त्याच्या मागेमागे फिरत होते. "ये भाय, मेरे घर को तीन तुकरा करके जाता हाय तू." वायरमन बिचारा म्हणाला, "चाचा, मेरे को तो ऑर्डर है." मालकांनी खुर्ची मीटरखालून उचलून अंगणात नेऊन ठेवली, पाठ ओटीकडे करून. तिथून समोरचं चुलतभावाचं घर दिसायचं. मी डिग्रीला प्रवेश घेतल्याचं सांगायला गेले तर म्हणाले, "आथा भिंत कवा घालतान तेवरा बगायचा."

गणपती तळमजल्यावर बसला, दरवर्षीसारखा. गणपती कुठे बसवायचा यावर कोणी काही बोललं नव्हतं आणि मालकांनी भीतीनं विचारलंही नव्हतं. मखराला दिव्यांच्या माळा, वर मोठा पंखा, सगळं आता थोरल्याच्या मीटरवर. पहिल्या संध्याकाळच्या आरतीला सगळं घर आणि आम्ही तिघंही हॉलमध्ये होतो. टाळ वाजायला लागले आणि तळमजल्याची लाईट गेली.

गणपती अंधारात. निरांजनाच्या उजेडात फक्त सोंड दिसत होती. आरती थांबली नाही, पण गर्दीतून दोन बायका निघून गेल्या, एवढं मला जाणवलं. मालक बाहेर ओटीवर आले. मीही मागे आले. समोरच्या तिन्ही गणपतींकडे लखलखाट होता. मालक तिकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावर अगदी स्पष्ट दिसत होतं ते काय मोजतायत.

तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक एक्स्टेंशन बोर्ड वायरला लोंबकळत खाली आला. तो जमिनीला लागायच्या आत दुसऱ्या मजल्यावरून दुसरा आला. दोन्ही वायरी एकमेकींत अडकल्या. वरून मधली ओरडली, "अगं तू कशाला? मी टाकलीय ना!" त्याच्या वरून धाकटी, "वहिनी, तुम्ही पंखा घ्या, मी माळा घेते!" थोरल्यानं आतून हात बाहेर काढला आणि दोन्ही बोर्ड खिडकीतून ओढून घेतले. मखर उजळलं. पंखा फिरला. आत टाळ्यांचा जोर वाढला.

मालक वळून मीटरांकडे गेले. तळमजल्याचा गप्प होता. उरलेल्या दोन्हींचे लाल दिवे लुकलुकत होते, एक भराभर, एक हळूहळू. त्यांनी मान वर केली आणि त्यांची ती जुनी, सगळ्या राईला ऐकू जाणारी आरोळी मारली.

"मधले! तुजा मीटर लय पलतंय गो! गनपती तुज्यावर चाललाय!"

"माहिताय बाबा!" वरून आवाज आला. "पंखा आहे तो!"

"आरती चालू हाय," आतून आजी ओरडली. "गप बसा वो तुमी!"

मालक गप्प बसले. अंगणातून खुर्ची उचलून आणली, तिन्ही मीटरांच्या खाली ठेवली आणि बसले. बराच वेळ त्या दोन दिव्यांकडे बघत होते. मग टॉवेलनं मान पुसली आणि मला म्हणाले,

"आथा कलला, इंजिनेर. डोला मनाच मारतंय."